ठेवणीतलं उत्तर

ताई थकली होती. हे ती कोणापासून लपवत नव्हती, कारण लपवायला जो जोर लागतो तोही आता उरला नव्हता. बावन्न वर्षांची बाई, एकोणीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच खिडकीशेजारी, एकाच प्रोग्रामची देखभाल करत बसलेली. ऑफिसात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं, आणि तिथेही ते एका अक्षराने चुकलेलं होतं.

तो प्रोग्राम म्हणजे कंपायलर. माणसांनी लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात उतरवायचं हे त्याचं काम, आणि उतरवण्याआधी तपासून घ्यायचं हेही त्याचंच. जिथे तारीख हवी तिथे कोणी टेलिफोन नंबर तर दिला नाही ना, जिथे किलो हवेत तिथे लिटर तर ओतले नाहीत ना, असं एकेक बघायचं. याला टाइप तपासणी म्हणतात. कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, त्यामुळे तपासणीला फार मान. आणि फायली अकरा हजार, त्यामुळे वेळ अडतीस मिनिटं. कोणी एका फायलीत एक स्वल्पविराम हलवला तरी तपासणी पुन्हा पहिल्या फायलीपासून सुरू. काल हेच सगळं बघून झालंय, हे तिच्या गावीही नसे.

अडतीस मिनिटांत दोनशे माणसं काय करणार? चहा पीत. दुसरा चहा पीत. गैरहजर माणसाची उणीदुणी काढत, आणि तो हजर झाला की पुढच्याची. हिशेब विभागातल्या एका बाईने दोन हिवाळ्यांत तीन स्वेटर विणून पुरे केले. एवढं करूनही वेळ उरला की सगळे मिळून ताईच्या नावाने बोटं मोडत. ताईला ते कळत असे. तिची खिडकी चहाच्या यंत्रापासून चार हातांवर होती.

पण ताईला जी घाई झाली होती ती या दोनशे जणांसाठी नव्हती. ती होती नानांच्या डोळ्यासाठी.

नाना म्हणजे ताईचे वडील. घरात दोघंच. नानांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून डोळे झिजले असं ते म्हणत, आणि त्यात थोडा तोराही असे. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजव्या डोळ्यातला तर चांगलाच पिकला होता. वर्तमानपत्र ते अजून उघडत, पण मथळे वाचून घडी घालून ठेवत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी लांबवलंत तर शस्त्रक्रिया अवघड जाईल. आणि तारखा लांबत होत्या त्या ताईमुळे. पहिल्या तारखेला नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. दुसऱ्या तारखेला आवृत्तीत घोळ निघाला. तिसऱ्या तारखेला काय झालं होतं ते ताईला नीट आठवतही नव्हतं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटे. तिन्ही वेळा नानांनी विचारलं होतं, "गुरुवारी जमेल का गं?" तिन्ही वेळा ती म्हणाली होती, "नक्की." आणि तिन्ही वेळा बुधवारी तिने येऊन हात जोडले होते.

नाना म्हणत, "असू दे. डोळा कुठे पळून चाललाय?"

आता चौथी तारीख आली होती. पुन्हा गुरुवार. साहेबांनी कबूल केलं होतं की तपासणी पाच मिनिटांच्या आत आणा आणि मग खुशाल आठ दिवस सुट्टीवर जा, कोणी फोनसुद्धा करणार नाही. साहेब ताईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं होतंच. शुक्रवारी वरची मंडळी येणार होती आणि त्यांना वेग दाखवायचा होता.

युक्ती तशी साधी होती. एखादी फाइल तपासून झाली की निकाल ठेवून द्यायचा. ती फाइल आणि तिने दुसरीकडून जे जे काही घेतलंय ते, यातलं काहीच बदललेलं नसेल तर पुन्हा तपासायचंच नाही. ठेवणीतलं उत्तर काढून पुढे करायचं. याला कॅश म्हणतात. नानांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारलं होतं, "कॅश? मग तू बँकेत चिकटलीस की काय? मला बोलली नाहीस!"

"पैशांची नाही हो नाना. उत्तरांची."

"उत्तरांची कॅश! मग तर तू माझ्याहून श्रीमंत."

साधी युक्ती, पण तिने ताईच्या नाकीनऊ आणले. उत्तर ठेवायला काहीच अक्कल लागत नाही. ते शिळं कधी झालं हे ओळखण्यातच सगळी मेख असते. त्यासाठी ताईने प्रत्येक फायलीमागे एक यादी ठेवली: हिने कुठून काय घेतलं. यादीतलं एक अक्षर जरी बदललं तरी ठेवणीतलं उत्तर रद्द. सात आठवडे ती हे लिहीत होती, तपासत होती, पुन्हा लिहीत होती. या सात आठवड्यांत तिने घरी धड एक वाक्य पुरं बोलल्याचं नानांना आठवत नसेल.

सोमवारी सकाळी कॅश सगळ्यांसाठी सुरू झाली. अडतीस मिनिटांचं काम तीन मिनिटांत. ऑफिसात आधी कोणाचा विश्वास बसेना, मग टाळ्या झाल्या, मग दुपारपर्यंत कुरकुर सुरू झाली की चहाला जायला निमित्तच उरलं नाही. स्वेटरवाल्या बाईने येऊन सांगितलं, "ताई, एक बाही राहिली हो माझी." ताई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली म्हणून गालाला जरा अवघडल्यासारखं झालं. साहेबांनी गुरुवारपासूनची सुट्टी लगेच मंजूर केली.

मंगळवारी ताई उजेडात घरी पोचली. नाना खिडकीशी बसले होते. तिने चहा केला आणि सात आठवड्यांचं सगळं सांगत बसली, फायली, याद्या, शिळी उत्तरं. नानांनी मन लावून ऐकलं. अधूनमधून ते काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि ती पुढे बोलू लागली की मिटत. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे हे आमच्यासारखंच की. पहिलं मुद्रित तपासलं, दुसऱ्यात फक्त बदललेल्या ओळी बघायच्या."

"अगदी तसंच."

"मग एक गोष्ट सांभाळ. चुकीचं अक्षर दिसतं गं. डोळ्यांत खुपतं. पण अख्खी ओळ गळली ना, की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. वरचं वाक्य खालच्याला जाऊन असं बेमालूम चिकटतं! जे नाहीच ते दिसणार कुठून? म्हणून आम्ही दोघं बसायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची."

"आमच्याकडे ओळ गळत नाही, नाना. यंत्र आहे."

"बरं," नाना म्हणाले. त्यांनी कपातला शेवटचा घोट संपवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. ताईला वाटलं, दमले असतील.

बुधवारी सकाळी ती आठला निघाली. एवढा दिवस ढकलला की सुटले, असं स्वतःला बजावत ती खुर्चीत बसली, आणि दहाच्या सुमाराला भिंग आला. भिंग हा बालविभागाचे प्रोग्राम लिहिणारा. चष्मा एवढा जाड की त्याचं लग्नही याच नावाने लागलं असेल अशी ऑफिसात थट्टा चाले. गडी खुशीत होता.

"ताई, तुमच्या पायाचं तीर्थ द्या! आज सकाळी आमच्या विभागापुरतं 'वजन' नव्याने टाकलं. आमची बाळं पडली एवढीएवढीशी, त्यांना किलो परवडत नाहीत, म्हणून ग्रॅमचं वजन केलं. मला वाटलं होतं आता चाळीस-पन्नास चुका निघतील आणि दोन दिवस त्या निस्तरण्यात जातील. एकही नाही! तीन मिनिटांत सगळं ठीक!"

"एकही नाही?" ताई म्हणाली.

"एकही नाही."

तो गेला. ताई पडद्याकडे बघत राहिली. एकही चूक निघत नाही म्हणून जी धास्तावते अशी बाई जगात विरळाच, पण ताई धास्तावली. बालविभागाचे औषधाच्या मात्रेचे हिशोब गेली कित्येक वर्षं किलोवर चालले होते. आज वजन ग्रॅममध्ये आलं आणि कोणालाच काही खुपलं नाही? असं कसं?

तिने कॅश स्वतःपुरती बंद केली आणि पूर्ण तपासणी लावली. जुनीच, पहिल्या फायलीपासूनची. अडतीस मिनिटं.

ती अडतीस मिनिटं तिने जागेवरून न हलता भोगली. पहिल्या दहातच तिला कळून चुकलं होतं की पाणी कुठे मुरतंय. बालविभागाच्या फायलीला 'वजन' म्हणजे काय हे हवं असलं, की तपासणी आधी बालविभागाच्या स्वतःच्या फायलींच्या कपाटात बघे. तिथे नसलं तर सगळ्या विभागांच्या सामाईक कपाटात. आजवर बालविभागात वजन नव्हतंच, म्हणून सामाईक कपाटातलं किलोचं वजन मिळे, आणि ताईची यादी इमानाने टिपून घेई: हिने सामाईक वजन घेतलं. ते बदललं तर हिला पुन्हा तपासा. चोख. पण त्याआधी आपण बालविभागाच्या कपाटात हात घालून आलो आणि तिथे काही मिळालं नाही, हे यादीत कुठे होतं? कुठेच नव्हतं. मिळालं ते टिपायचं हे तिला सुचलं होतं. शोधलं आणि मिळालं नाही, हेही टिपायचं असतं, हे सुचलं नव्हतं. भिंगाने आज त्याच रिकाम्या जागी नवं वजन आणून ठेवलं. यादीतलं काहीच बदललं नाही. कॅशने ठेवणीतलं उत्तर काढून दिलं: ठीक.

ओळ गळली होती. आणि काल ती नानांना म्हणाली होती, यंत्र आहे.

उरलेल्या वेळात तिच्या मनात जे आलं ते काही फार चांगलं नव्हतं. हे फक्त मला माहीत आहे, असं आलं. ही आवृत्ती इस्पितळात जायला अजून तीन आठवडे आहेत, असं आलं. आज मूग गिळून बसावं, उद्या नानांचा डोळा करून घ्यावा, आठ दिवसांनी परत येऊन गुपचूप दुरुस्ती करावी. कोणाचं काय बिघडतंय? भिंगाला काहीतरी सांगून थांबवता येईल. पण दुसऱ्या कुठल्या विभागात आज कोण कुठल्या रिकाम्या जागेत काय ठेवत असेल, याचा तिला पत्ता नव्हता. एका पोराला हजारपट औषध सुचवणारा प्रोग्राम तिच्या 'ठीक'वर विसंबून पुढे जाणार होता. ताईला रडू आलं नाही. नुसतं अंग जड झालं, भिजलेल्या गोधडीसारखं.

तपासणी संपली. एक्केचाळीस चुका. सगळ्या बालविभागात, सगळ्या वजनाच्या.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बालविभागापुरती उत्तरं पुसून टाकली तर?"

"बालविभागाचं कळलं म्हणून म्हणताय. बाकीचं कळलेलं नाही. सगळीच बंद करायला हवी."

"अहो ताई, शुक्रवारी लोक येतायत! त्यांना काय अडतीस मिनिटं बसवून ठेवू?"

"बसवा. चहा चांगला आहे आपला."

साहेबांना हसू आलं नाही. ताईलाही ते हसण्यासाठी म्हणायचं नव्हतं.

"दुरुस्तीला किती दिवस?"

"सहा. पण मी परत आल्यावर. उद्या मी नाही."

"उद्या..." साहेबांनी कपाळावर बोटं दाबली. "ताई, मी म्हणत नाही की वडील महत्त्वाचे नाहीत. पण मोतीबिंदू म्हणजे काही... पुढच्या गुरुवारी नाही का होणार? एवढं एकदा."

'एवढं एकदा' हे ताईने मोजलेलं नव्हतं, पण पुष्कळदा ऐकलं होतं. आणि प्रत्येक वेळी तिने मान डोलावली होती, इतक्या सवयीने की साहेब आता वाक्य पुरंही करत नसत.

"नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे, ती मी लिहून सगळ्यांना कळवते. कॅश आत्ता बंद करते. आणि उद्या मी वडिलांबरोबर इस्पितळात असेन. नोकरीवरून काढायचं असेल तर तेही परत आल्यावर काढा."

साहेबांनी कपाळावरची बोटं काढली. मग म्हणाले, "काढतोय कोण तुम्हाला? तुमच्याशिवाय ते कळतंय कोणाला?" आणि दाराकडे हात करून, "जा. मी बघतो शुक्रवारचं."

ताईने चूक लिहून काढली, पत्रात कुठेही 'आपण' न वापरता, 'मी' वापरून. मग कॅश बंद केली. पाच मिनिटांत सगळ्या मजल्यावरून सुस्कारे ऐकू आले, कोणीतरी "झालं कल्याण!" म्हणालं, आणि चहाच्या यंत्राशी पुन्हा रांग लागली. भिंग तेवढा जवळ आला, चष्मा पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "वाचलो, ताई." ती पर्स आवरू लागली. अजून चार वाजायचे होते.

रस्त्याने चालताना तिला हलकं वाटलं. थकवा होताच, तो असा एका दुपारीत जाणार नव्हता, पण त्याच्याखाली काहीतरी मोकळं झालं होतं. या वेळचं 'नक्की' खरं होतं. ते नानांना कसं सांगायचं याची वाक्यंही तिने जुळवली. उद्या लवकर उठवायचं. रिपोर्टांची फाइल शोधायची. आत कोणाला सोडत नाहीत, पण दाराबाहेर तरी बसता येईल.

दार नुसतंच लोटलेलं होतं. आत खुर्चीत वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका बसले होते. सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस, सरळ पाठीने बसायची सवय अजून सुटली नव्हती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय," ते कुजबुजले. मग जीभ चावून म्हणाले, "म्हणजे, झोपलेत."

पलंगावर नाना उताणे पडले होते. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, तिच्यावर भोकाभोकांची वाटी चिकटवलेली.

ताई उभीच राहिली. "उद्या होतं ना?"

"इस्पितळाचा काल सकाळी फोन आलेला. बुधवारची एक जागा रिकामी झाली म्हणाले, येताय का. नानांनी हो सांगितलं. मला म्हणाले, तुम्ही चला सोबत. छान झालं हो सगळं. वीस मिनिटांत बाहेर. जेवलेसुद्धा." काका उठले. पलंगाशेजारच्या कागदांकडे त्यांनी बोट दाखवलं. "त्यात आहे सगळं, पट्टी उद्या काढायची, मग थेंब." आणि तिच्याकडे न बघता ते जिना चढून गेले.

तिने कागद घेतले. वरच्या रकान्यात नानांचं अक्षर होतं, मोतीबिंदूनेही न बिघडलेलं, एकेक वेलांटी जागच्या जागी. सोबत आलेल्या व्यक्तीचं नातं: शेजारी. जवळचे नातेवाईक: मुलगी. आणि त्यापुढे, कोणी न विचारता, बारीक अक्षरात: कामात आहे.

"आलीस?" नाना म्हणाले. डावा डोळा उघडला होता. "आज लवकर?"

"नाना, मला विचारायचं तरी!"

"काल विचारणार होतो. पण तू इतकं रंगून सांगत होतीस..."

"मी 'नक्की' म्हटलं होतं."

"तुझं 'नक्की' मला पाठ आहे गं," नाना म्हणाले. आवाजात राग नावालाही नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "म्हटलं, बुधवारी तुला हात जोडायला लागण्यापेक्षा बुधवारीच उरकून टाकावं. तुझीही ओढाताण नको."

"या वेळी मी येणार होते. सगळं बंद करून आले मी. साहेबांना तोंडावर नाही म्हटलं. या वेळी उत्तर वेगळं होतं, नाना!"

"हो? मला कसं कळणार?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. सात आठवड्यांत आलं नव्हतं ते रडू आता आलं, आणि तिने ते येऊ दिलं. नानांनी चाचपून तिचा हात धरला.

"यापुढे विचारत जा," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी काहीही म्हटलेलं असो. दर वेळी नव्याने विचारत जा मला."

नानांनी उघडा डोळा छताकडे वळवला.

"दर वेळी नव्याने विचारायला फार जड जातं गं," ते म्हणाले.